धनी गल्ल्यावरून उठतो तेव्हा



दुकानाचा वृद्ध धनी निवृत्त होतो, तेव्हा आपण त्याला शाल-श्रीफळ देतो. ते योग्यच आहे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा कामगारवस्तीतल्या कित्येक वाण्यांनी उधारीच्या वहीवर संसार तगवले. कळव्यासारख्या कारखान्यांच्या गावाला त्या वहीची किंमत सांगायला नको.

परंतु मी कामगार संघटनेचा माणूस. माझी नजर गुमास्त्याकडे जाते. तीस वर्षे तराजू धरणाऱ्याचे पुढे काय?

कायदा काय देतो, ते पाहू. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचे वेतन ठरवले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच सूत्र आहे. महिना सव्वीस दिवसांचा धरतात. वेतन १३,००० रुपये असेल तर रोज ५०० पडतो, पंधरा दिवसांचे ७,५०० होतात आणि तीस वर्षांचे २,२५,०००. मात्र हे बंधन दहा वा अधिक नोकर असलेल्या दुकानाला. चार नोकरांच्या दुकानात ग्रॅच्युइटी धन्याच्या मनावर राहते.

मुलगा परदेशी, सून नोकरीला. मग धनी दुकान विकतो किंवा फळ्या लावतो. तिसरी वाटही आहे. लंडनच्या जॉन लुईस या कापडपेढीत बाप आणि दोन मुलगे मिळून सबंध नोकरवर्गाच्या पगाराहून अधिक घेतात, हे थोरला मुलगा स्पेडन याला खटकले. त्याने १९२९ आणि १९५० मध्ये विश्वस्तपत्रे करून पेढी नोकरांच्या हितासाठी सोपवली आणि १९५५ मध्ये तो निवृत्त झाला. त्याने घाई केली नाही. नोकरांना कारभार शिकायला पाव शतक मिळाले.

घाईचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कुर्ल्याचा कामानी ट्यूब्ज हा कारखाना मालक कुटुंबातल्या भांडणात १९८५ मध्ये बंद पडला. १९८८ मध्ये तो कामगारांच्या सहकारी संस्थेकडे सोपवण्याला मान्यता मिळाली. कामगारांनी जिद्दीने तो पुन्हा चालू केला. परंतु पुढच्या दशकात तो पुन्हा अडचणीत आला. मोडकळीला आलेला धंदा हाती घेणे आणि चालता धंदा हाती घेणे, यांत हाच फरक.

म्हणून निवृत्तीची तयारी पाच वर्षे आधी करावी. नोकरांची देणी दरसाल बाजूला टाकावी, जुन्या नोकराला खरेदी आणि हिशेब शिकवावा, भागीदारीचा कागद करावा. त्याला वाटा मिळाला, तर गिऱ्हाईकाला ओळखणारा माणूस दुकानात राहतो आणि वस्तीची पतही टिकते.

धन्याने वस्तीची सेवा केली, हे खरे. ती सेवा नोकराच्या हातांनी झाली, हेही तितकेच खरे. सत्काराच्या दिवशी एक खुर्ची त्याच्यासाठी मांडा, आणि तो बसण्यापूर्वी त्याचा हिशेब पुरा करा.