बाळाचे कलात्मक फोटो : आपल्याला ते इतके का भावतात?



पहिलीला 'माझे कुटुंब' शिकवताना मुलांना त्यांचा तान्हेपणीचा फोटो आणायला सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. अलीकडे या फोटोंचं रूपच बदललंय. पूर्वी आजीच्या मांडीवरचं, गालाला काजळाची तीट लावलेलं बाळ असायचं. आता वेताच्या टोपलीत मुटकुळं करून झोपलेलं, लोकरीची टोपी घातलेलं, भोवती फुलं किंवा मोरपिसं असलेलं बाळ दिसतं. हा खर्चिक हौसेचा प्रकार म्हणून नाक मुरडणारेही आहेत. पण आई-बाबांना हे फोटो का हवेसे वाटतात, ते समजून घेण्यासारखं आहे.

मुख्य कारण साधं आहे. बाळाचं तान्हेपण बाळाला कधीच आठवणार नाही. आपल्यापैकी कुणालाच आपली पहिली दोन वर्षं आठवत नाहीत. म्हणजे त्या दिवसांची आठवण सांभाळायचं काम पूर्णपणे घरच्यांचं. त्यात आई जागरणाने इतकी थकलेली असते की ते दिवस तिलाही नंतर धूसरच आठवतात. पहिल्या महिन्यातलं बाळ दुसऱ्या महिन्यात तसं राहत नाही. मिटलेल्या मुठी, खांद्यावरची बारीक लव, पायाच्या तळव्याच्या सुरकुत्या हे सगळं बघता बघता जातं. चांगला फोटोग्राफर नेमकं तेच टिपतो, म्हणून तो फोटो आपला वाटतो.

फुलात, भाजीत झोपलेली बाळं जगभर पोचवली ती ॲन गेडेस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या फोटोग्राफरने. 'डाउन इन द गार्डन' हे तिचं पुस्तक 1996 साली आलं. आपल्याकडेही दवाखान्यात आणि गरोदर बाईच्या खोलीत गोंडस बाळाचं पोस्टर लावायची चाल होतीच. शिवाय बाळकृष्णाची तसबीर घरोघरी. त्यामुळे बाळाला सजवून फोटोत बसवणं आपल्याला परकं वाटलं नाही. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेलं बाळ म्हणजे आपला घरचा कलात्मक फोटोच की! (फक्त हलव्याचे दाणे बाळाच्या तोंडात जाणार नाहीत याकडे एकाने सतत लक्ष ठेवा. घशात अडकायला एक दाणा पुरतो.)

आता एक महत्त्वाची गोष्ट, जी फोटो पाहून कळत नाही. हनुवटी दोन्ही हातांवर टेकवून बेडकासारखं बसलेलं तान्हं बाळ तुम्ही पाहिलं असेल. ते बाळ तसं बसलेलं नसतं! बाळाला मान धरता येत नाही, डोकं शरीराच्या मानाने जड असतं. म्हणून दोन वेगवेगळे फोटो काढतात. एकात कुणीतरी डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात हात धरलेले असतात. मग संगणकावर दोन्ही जोडून धरणाऱ्याचे हात पुसून टाकतात. फांदीला टांगलेली झोळीही बहुतेक वेळा जमिनीवर किंवा गादीवरच असते. त्यामुळे मोबाईलवर असा फोटो पाहून घरी करून बघू नका, अगदी कधीच नाही. आणि स्टुडिओवाला एकाच फोटोत, बाळाला कुणी न धरता अशी पोझ घ्यायला लागला तर सरळ नको म्हणा. पैसे दिलेत म्हणून गप्प बसू नका.

दुसरी अडचण आपल्या रीतीची. असे फोटो साधारण पहिल्या दोन आठवड्यांत काढतात, कारण तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि पोटातल्यासारखं अंग आक्रसून घेतं. पण आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, आणि मध्ये बाराव्या दिवसाचं बारसं. मग काही जण फोटोग्राफरलाच घरी बोलावतात. माझ्या मते तेच बरं. खोली उबदार ठेवता येते, दूध पाजायला आई जवळ असते आणि बाळ रडलं तर घाई नसते. दीड महिन्यानंतर गेलात तर टोपलीचा हट्ट सोडा. तेव्हा बाळ ओळखीचं हसायला लागलेलं असतं, तो फोटो जास्त गोड.

खर्च करायचा नसेल तरी काही बिघडत नाही. सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट येत नाही अशा जागी बाळाला सुती साडीच्या घडीवर ठेवा. उजेड एका बाजूने येऊ द्या. फ्लॅश बंद. समोरून फ्लॅश मारला की चेहरा सपाट दिसतो. पहिल्या महिन्यात बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे दूध पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. म्हणून आईला बाळाजवळ वाकू द्या, बाळ आपोआप तिच्याकडे टक लावतं. मोबाईल बाबांच्या हातात असू दे.

हे मुद्दाम सांगते, कारण या फोटोंत आईच हरवते. एकोणिसाव्या शतकात फोटो निघायला काही सेकंद लागत, तेवढा वेळ बाळ स्थिर राहावं म्हणून आई त्याला धरून बसे, पण तिच्यावर कापड टाकून तिला लपवत. खुर्ची वाटावी अशी! ते जुने फोटो आजही पाहायला मिळतात. आज कापड नसतं, पण 'माझा अवतार बघा, मला नका घेऊ' म्हणत आई स्वतःच बाजूला होते. काकू, आत्या, आजींनो, तिला फोटोत ओढा.

आणि एक गोष्ट मला खरोखर खटकते. फोटो 'सुधारताना' बाळ गोरं करून देतात. काही घरांतून तशी मागणीच असते. सावळं बाळ सावळंच छापून घ्या. पाच-सहा वर्षांनी तेच मूल तो फोटो आपल्या चेहऱ्याशी ताडून पाहतं आणि 'मी आधी गोरा होतो का?' विचारतं. वर्गात असे प्रश्न येतात, आणि उत्तर द्यायला जड जातं.

बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, दवाखान्याचा पट्टा दिसेल असा किंवा उघड्या अंगाचा फोटो सगळ्यांना दिसेल असा टाकू नका. स्टुडिओला त्यांच्या जाहिरातीत फोटो वापरू द्यायचा की नाही, हे आधीच ठरवून लेखी घ्या.

शिक्षकांसाठी : ज्यांच्या घरी फोटो नाही, अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. कुणाचा मोबाईल बिघडला, कुणाचं घर बदललं. 'फोटो आणा'बरोबरच 'किंवा आजी-आजोबांना, आईला विचारून तुम्ही लहानपणी कसे होता ते चित्र काढा' हा पर्याय पहिल्याच दिवशी द्या, म्हणजे त्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

पालकांनी मोबाईलमधल्या शेकडो फोटोंतले निदान दहा छापून घ्यावेत. मागे मऊ पेन्सिलीने तारीख, गाव आणि बाळाला कुणी धरलंय त्याचं नाव लिहा. पेनाची शाई दुसऱ्या फोटोला लागते.