एक्सप्लेनर : भारताकडून एकच वनडे, त्यात नाबाद ५५; विदर्भाच्या फैज फजलला पुन्हा संधी का मिळाली नाही?

ढाणकी : आपल्याकडे टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये एखादा पोरगा चमकला की पहिला प्रश्न असतो, 'हा इंडियाकडून खेळेल का?' नागपूरचा सलामीवीर फैज फजल खेळला. फक्त एकदा.

तारीख १५ जून २०१६, हरारे. झिम्बाब्वे १२३ धावांत ऑलआउट. फैजने ६१ चेंडूंत नाबाद ५५, के. एल. राहुलने नाबाद ६३ केल्या आणि भारत १० गडी राखून जिंकला. तेव्हा फैज ३० वर्षांचा होता.

मग अडलं कुठे?

त्या दौऱ्यात रोहित, शिखर, विराट यांना विश्रांती दिली होती, म्हणून सलामीची जागा मोकळी होती. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडविरुद्ध रोहित शर्मा आणि अजिंक्य रहाणे सलामीला आले. फैजचं नाव मागेच राहिलं.

अमेरिकेत तर बॅटही हातात आली नाही

बेसबॉलमध्ये बाउंड्रीच्या बाजूला तीन खेळाडू उभे असतात : डावीकडे, मध्ये, उजवीकडे. हेच आउटफिल्डर. उंच फटके झेलायचे आणि लांबून अचूक थ्रो करायचा, हे त्यांचं काम.

असाच एक आउटफिल्डर होता आर्चिबाल्ड ग्रॅहम, टोपणनाव 'मूनलाइट'. रणजीसारख्या खालच्या स्तरावर, म्हणजे मायनर लीगमध्ये, तो अनेक वर्षं खेळला. २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सने त्याला सामन्याच्या शेवटी उजव्या बाजूला उभं केलं. त्याच्याकडे चेंडू आलाच नाही. बॅटिंगला पुढचा नंबर त्याचा होता, पण त्याआधीचा खेळाडू बाद झाला आणि डाव संपला. मेजर लीगमधली त्याची कारकीर्द एवढीच. पुढे तो मिनेसोटातल्या चिझम गावात डॉक्टर झाला, आणि 'फील्ड ऑफ ड्रीम्स' या १९८९ च्या चित्रपटामुळे जगाला माहीत झाला.

फैजचं खरं काम

ते रणजीत आहे, आणि आपण तिथे कमी बघतो. २०१७-१८ च्या मोसमात कर्णधार फैजने ९१२ धावा केल्या. इंदूरच्या फायनलमध्ये रजनीश गुरबानीच्या हॅट्ट्रिकसह विदर्भाने दिल्लीला हरवलं आणि पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्रला ७८ धावांनी हरवून तो राखलाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये फैज निवृत्त झाला. प्रथम श्रेणीत ९ हजारांहून जास्त धावा.

वनडेतली त्याची सरासरी मात्र काढता येत नाही. तो एकदाही बाद झालेला नाही, आणि शून्याने भागता येत नाही.