व्हॉइस नोट मधूनच ऐकताना

व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर बोट सरकवून आपण थेट मधल्या वाक्यावर जातो. त्या क्षणी आत जे घडतं, ते मला विलक्षण आवडतं!

या नोट्स ओपस कोडेकमध्ये, म्हणजे आवाज कमी जागेत साठवण्याच्या पद्धतीत, असतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या ओपसचा बोलण्यासाठीचा भाग, सिल्क, स्काइपकडून आलाय. त्यात आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत साठवतात, पण एकेक तुकडा स्वतंत्र नसतो. स्वरतंतूंची कंपनं पुन्हा पुन्हा जवळपास तशीच येतात. म्हणून आधीच्या लहरीवरून पुढचीचा अंदाज बांधायचा आणि उरलेला फरक तेवढा साठवायचा, अशी ही बचत. मधूनच सुरुवात केली की साठवलेला आवाज पुन्हा उलगडणाऱ्या डीकोडरकडे ती आधीची लहरच नसते, आणि पहिले काही तुकडे बिघडलेले येऊ शकतात.

उपाय फार सुंदर आहे. ओपसचा आवाज ज्या ओग फाइलमध्ये ठेवतात, तिच्या पानांवर, म्हणजे भागांवर, ‘इथवर आवाजाचे किती नमुने झाले’ हा आकडा असतो, त्यावरून जागा सापडते. मग हव्या जागेच्या किमान ८० मिलिसेकंद आधीपासून डीकोड करायचं आणि तेवढा आवाज ऐकवायचाच नाही. तेवढ्यात सुरुवातीच्या बिघाडाचा प्रभाव ओसरतो. २०१६ च्या ओग-ओपस मानकातच ही शिफारस आहे. प्लेअर लिहिताना ती गाळू नका, नाहीतर उडी मारल्यावर शब्दाची सुरुवातच बिघडलेली ऐकू येईल.