लोकनायक बापूजी अणे

घाटंजी, पुसद, वणी हा यवतमाळ जिल्ह्याचा मुलूख समुद्रापासून फार दूर. तेथें मीठ तयार करून कायदा मोडावा कसा? १९३० सालच्या जुलै महिन्यांत वणीचे माधव श्रीहरि अणे यांनीं पुसदजवळच्या राखीव रानांतील गवत विनापरवाना कापून या प्रश्नाचें उत्तर दिलें आणि तुरुंगवास पत्करला. १८८० सालीं जन्मलेले अणे हे लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होत.

पुढें १९३२ च्या जातीय निवाड्यानें विभक्त मतदारसंघ कायम केले. काँग्रेसनें तो निवाडा स्वीकारावयाचा नाहीं व नाकारावयाचाहि नाहीं, असें धोरण ठरविलें. अण्यांना हें मौन मानवेना. १९३४ सालीं पंडित मदनमोहन मालवीयांसह त्यांनीं काँग्रेस राष्ट्रीय पक्ष काढला व मध्यवर्ती कायदेमंडळांत त्याचें नेतृत्व केलें.

मतभेद झाला, वैर झालें नाहीं. १९४१ सालीं अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत गेले. परंतु १९४३ च्या फेब्रुवारींत गांधीजींनीं कैदेंत उपोषण आरंभिलें असतां सरकार त्यांना सोडीना, तेव्हां अण्यांनीं त्या पदाचा राजीनामा दिला. स्वतंत्र भारतांत ते बिहारचे राज्यपाल झाले. १९६२ सालीं वेगळ्या विदर्भाचा पुरस्कार करीत नागपुरांतून लोकसभेवर निवडून आले. १९६८ सालीं त्यांचें निधन झालें.

पक्ष सोडणारा मनुष्य चंचल, असें लोक सहज म्हणतात. तो कोणत्या वेळीं काय सोडून गेला, हें पाहिल्यावांचून असा निवाडा देऊं नये.