प्रकाशावर प्रकाश आदळतो तेव्हा : रोहिणी गोडबोले यांचे संशोधन आणि वाद

पूर्णा जंक्शनच्या फलाटावर रात्री उभे राहिले की एक दृश्य दिसते. परभणीच्या बाजूने एक गाडी येते, नांदेडच्या बाजूने दुसरी. दोन्ही इंजिनांच्या दिव्यांचे झोत समोरासमोर येतात आणि एकमेकांतून आरपार निघून जातात. इंजिने अशी समोरासमोर आली तर मोठा अपघात होईल. झोतांचे मात्र काहीच होत नाही. वर्गातही हे सहज दाखवता येते. खोलीत अंधार करावा, दोन विजेऱ्यांचे झोत एकमेकांना छेदतील असे धरावेत आणि वर डस्टर झटकावे. खडूच्या धुळीत दोन्ही झोत दिसतील आणि छेदल्यानंतरही ते सरळच गेलेले आढळतील.

यावरून प्रकाश प्रकाशावर आदळत नाही, असा निष्कर्ष विद्यार्थी काढतील. नेहमीच्या प्रकाशापुरता तो बरोबर आहे. पण प्रकाशकणाची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा अब्जावधी पटींनी वाढवली तर? हा प्रश्न मूलकणशास्त्रात महत्त्वाचा ठरला. त्याच्या उत्तरावरून १९९१ नंतर काही वर्षे वाद झाला. त्या वादाच्या केंद्रस्थानी मुंबई विद्यापीठातील एक प्राध्यापिका होत्या : रोहिणी गोडबोले.

हुजूरपागेतून स्टोनी ब्रूककडे

रोहिणी गोडबोले यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९५२ रोजी पुण्यात झाला. त्या हुजूरपागेत शिकल्या. तेव्हा त्या शाळेत सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र शिकवत. राज्याच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या परीक्षेत मात्र विज्ञानाचे प्रश्न असत. त्यामुळे भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र यांचा अभ्यास त्यांना वेळापत्रकाबाहेर करावा लागला. ही शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या आपल्या शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या. पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून बी. एस्सी. आणि मुंबईच्या आय. आय. टी. तून १९७४ मध्ये एम. एस्सी. करून त्या अमेरिकेत स्टोनी ब्रूक येथील विद्यापीठात गेल्या. १९७९ मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या भारतात परतल्या. काही वर्षे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काढल्यावर १९८२ पासून १९९५ पर्यंत त्यांनी मुंबई विद्यापीठात अध्यापन केले. त्यानंतर अखेरपर्यंत त्यांचे नाते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेशी राहिले.

त्यांचे सर्वांत गाजलेले काम मुंबई विद्यापीठाच्या काळातले आहे, हे शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. तास घेणे, उत्तरपत्रिका तपासणे ही कामे करीतच ते झाले.

फोटॉनच्या पोटात काय असते?

डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा २ ते ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. कित्येक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन घेतला तर मात्र वेगळीच गोष्ट घडू शकते. पुंज यांत्रिकीच्या नियमांनुसार असा फोटॉन अत्यल्प काळ एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांच्या जोडीच्या रूपात वावरतो आणि पुन्हा फोटॉन होतो. क्वार्कांबरोबर त्यांना बांधणारे ग्लुऑनही आले. म्हणजे बहुतेक वेळ फोटॉन हा निव्वळ फोटॉन असतो. पण शेकडो वेळांतून एखाद्या वेळी तो प्रोटॉनसारखा, पोटात घटककण असलेला वागतो. नेमक्या त्याच क्षणी दुसरा कण येऊन आदळला, तर ती टक्कर फोटॉनशी न होता त्याच्या पोटातल्या क्वार्कशी किंवा ग्लुऑनशी होते.

ही कल्पना गोडबोले यांची नव्हती. ती आधीपासून मांडली गेली होती आणि प्रयोगांनीही तिला आधार दिला होता. मान्युएल ड्रीस या जर्मन सहकाऱ्याबरोबर गोडबोले यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता : प्रत्यक्ष यंत्रांत हे किती वेळा घडेल? हॅम्बुर्ग येथे हेरा नावाचे यंत्र उभे राहत होते. त्यात इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळणार होते. इलेक्ट्रॉनाभोवतीच्या फोटॉनांचे अंतरंग तेथे स्पष्ट दिसेल, असे भाकीत या दोघांनी १९८८ मध्ये केले. हेरा १९९२ मध्ये सुरू झाले आणि पहिल्याच वर्षीच्या निरीक्षणांत तशा टकरी दिसल्या.

१९९१ चा इशारा

त्याच सुमारास पुढच्या पिढीच्या यंत्रांचे आराखडे आखले जात होते. इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवला की तो प्रारणाच्या रूपाने ऊर्जा गमावतो. ऊर्जा वाढवत नेली तर ही हानी परवडेनाशी होते. म्हणून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन दोन सरळ नळ्यांतून समोरासमोर धाडून त्यांची टक्कर घडवणारे रेषीय कोलायडर बांधावे, असा विचार होता. अशा यंत्राचा मोठा फायदा म्हणजे स्वच्छता. प्रोटॉन अनेक घटकांचा बनलेला असल्याने त्याच्या टकरीत पुष्कळ कचरा उडतो. इलेक्ट्रॉन एकसंध, त्यामुळे त्याची टक्कर नीटस, असे सगळे मानत होते.

पण सरळ मार्गाच्या यंत्रात कण पुन्हा फिरून येत नाहीत. टक्कर व्हायची तर एकाच फटक्यात. म्हणून सुमारे २,००० कोटी इलेक्ट्रॉनांचा पुंजका अतिशय लहान जागेत दाबून धाडावा लागतो. असे दोन पुंजके एकमेकांतून जाताना एकाच्या प्रचंड विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे दुसऱ्यातील कण वाकतात, आणि वाकताना फोटॉन फेकतात. या प्रारणाला बीमस्ट्राह्लुंग असे जर्मन धर्तीचे नाव आहे. आपल्या उदाहरणात सांगायचे तर इंजिने भेटण्याच्या जागीच दोन्हीकडून दिव्यांचे प्रखर झोतही निघतात आणि तेही समोरासमोर येतात.

झोत झोताला काय करणार, असे समजून हा भाग दुर्लक्षिला गेला होता. ड्रीस आणि गोडबोले यांनी तो मोजला. १९९१ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने दाखवले, की हे फोटॉन पोटातल्या क्वार्क-ग्लुऑनांसह एकमेकांवर आदळतील आणि कणांचे छोटे छोटे फवारे उडवतील. काही आराखड्यांत हा कचरा इतका असेल की इलेक्ट्रॉन यंत्राची स्वच्छता पुष्कळशी संपेल. यालाच पुढे ड्रीस-गोडबोले परिणाम म्हणू लागले.

आक्षेप काय होते?

कोट्यवधी डॉलर खर्चाच्या यंत्रांचा प्रश्न होता. तेव्हा आक्षेप येणे साहजिक होते. त्यांतले दोन समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला असा : छोटे फवारे मोजायचे तर किती छोट्यापर्यंत मोजायचे? ही खालची मर्यादा किंचित बदलली की उत्तर कितीतरी पटींनी बदलते. शिवाय फोटॉनच्या पोटात मंद ग्लुऑन किती, हे तेव्हा नीट मोजले गेलेले नव्हते.

दुसरा आक्षेप मोजणीच्या रीतीबद्दल होता. एका गाडीतून दहा प्रवासी उतरले म्हणून दहा गाड्या आल्या असे होत नाही. तसेच दोन फोटॉनांच्या एकाच टकरीत क्वार्क-ग्लुऑनांच्या अनेक जोड्या भिडू शकतात. प्रत्येक जोडीला स्वतंत्र टक्कर धरले तर घटनांची संख्या फुगते. अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतल्या चेन, बार्कलो आणि पेस्किन यांनी निराळ्या पद्धतीने गणित करून असे दाखवले, की कचरा होईल हे खरे, पण परिस्थिती सुरुवातीला वाटली तितकी वाईट नाही.

येथे एखादा संशोधक आपलाच आकडा धरून बसला असता. ड्रीस आणि गोडबोले यांनी स्वतःच अनेक जोड्यांच्या टकरी एकत्र धरण्याची रीत आपल्या गणितात आणली. पुढे गोडबोले यांनी इटलीतील जूलिया पांचेरी आणि इतर सहकाऱ्यांबरोबर दीर्घकाळ याच प्रश्नावर काम केले. ऊर्जा वाढत जाते तशी टकरींची शक्यता नेमकी किती वेगाने वाढते आणि तिला आवर कशाने बसतो, हा तो प्रश्न. जिनिव्हाजवळच्या लेप यंत्रावरील प्रयोगांत ही वाढ प्रत्यक्ष मोजली गेली.

निकाल कोणाच्या बाजूने?

दोन्ही बाजूंनी, असे म्हणावे लागेल. मूळ आकडे अनिश्चित होते, हे आक्षेपकांचे म्हणणे टिकले. परिणाम खरा आहे आणि तो आधीच विचारात घ्यावा लागतो, हे गोडबोले यांचे म्हणणेही टिकले. क्लिक नावाच्या प्रस्तावित युरोपीय कोलायडरचा आराखडा पाहा. ३,००० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेला पुंजक्यांच्या दर भेटीत अशा सुमारे ३ घटना होतील, असा हिशेब त्यात धरला आहे. आणि दोन भेटींमधले अंतर असते सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या निम्म्याएवढे. म्हणून तेथील डिटेक्टरला कणांच्या वेळा अतिसूक्ष्म नोंदवून कचरा वेगळा काढावा लागेल. बीमस्ट्राह्लुंग आटोक्यात ठेवण्यासाठी पुंजके गोल न ठेवता फितीसारखे चपटे करतात : आंतरराष्ट्रीय रेषीय कोलायडरच्या आराखड्यात रुंदी सुमारे ५०० नॅनोमीटर, तर जाडी जेमतेम ६ नॅनोमीटर. असे मोठे रेषीय कोलायडर अजून उभे राहिलेले नाही; पण त्याच्या प्रत्येक आराखड्यात हा हिशेब असतो. गोडबोले स्वतः आंतरराष्ट्रीय रेषीय कोलायडरच्या डिटेक्टरविषयक सल्लागार गटावर होत्या.

न सापडलेले कण

प्रत्येक कल्पनेला असा आधार मिळतोच असे नाही. महासममितीचा सिद्धांत, ज्याला सुपरसिमेट्री म्हणतात, सांगतो की प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण आहे. हे जोडीदार प्रयोगात कसे ओळखावेत यावर ड्रीस, गोडबोले आणि प्रबीर रॉय यांनी २००४ मध्ये लिहिलेला ग्रंथ जगभर वापरला जातो. जिनिव्हाच्या महाकाय कोलायडरवर ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण सापडल्याचे जाहीर झाले. महासममितीचा एकही कण मात्र आजवर सापडलेला नाही. त्यामुळे सिद्धांताची साधी रूपे बरीचशी बाद झाली आहेत, आणि या मार्गावर किती काळ शोध चालू ठेवावा याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण शोधाच्या नेमक्या खुणा आधी सांगितल्या गेल्या म्हणूनच 'येथे नाही' असे खात्रीने म्हणता येते.

दुसरी मोजणी

गोडबोले यांनी आणखी एका बाबतीत गृहीत धरलेली गोष्ट मोजायला लावली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या स्त्रियांच्या मानाने संशोधनाच्या नोकरीतील स्त्रिया फार कमी का? संसारामुळे त्या स्वतःच सोडून देतात, हे ठरलेले उत्तर होते. गोडबोले भारतीय विज्ञान अकादमीच्या स्त्रीविषयक समितीच्या अध्यक्ष होत्या. २०१० मध्ये अनिता कुरुप आणि इतरांबरोबर त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा स्त्रियांनाच कारणे विचारली होती. योग्य नोकरीच मिळाली नाही, असे सांगणाऱ्या पुष्कळ निघाल्या. म्हणजे दोष फक्त घरावर ढकलून संस्थांना मोकळे होता येत नव्हते. त्याआधी, २००८ मध्ये, राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी 'लीलावतीज डॉटर्स' हा भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या लेखांचा संग्रह संपादित केला होता.

२०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये फ्रान्सनेही त्यांचा राष्ट्रीय सन्मान केला. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

वर्गात काय सांगावे?

विजेऱ्यांचा प्रयोग झाल्यावर येथेच थांबू नये. विद्यार्थ्यांना विचारावे : झोत आदळत नाहीत, हे आपण कोणत्या प्रकाशाबद्दल पाहिले? किती ऊर्जेपर्यंत? प्रत्येक निष्कर्षाला त्याची हद्द असते आणि ती हद्द सांगणे हा निष्कर्षाचाच भाग असतो. मग गाडी आणि प्रवासी यांचे उदाहरण घेऊन विचारावे, की आपण मोजतो ते नेमके काय? या दोन प्रश्नांवर जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांत काही वर्षे चर्चा झाली. आठवी-नववीचा वर्ग त्यांवर एक तास नक्कीच घालवू शकेल. आणि त्या वर्गात एखादी मुलगी वेळापत्रकाबाहेरचे काही विचारू लागली, तर तिला वेळ द्यावा.