प्रत्यंचेच्या लांबीचा शिरस्ता

नव्या प्रत्यंचेच्या पाकिटावर ६८ इंच असा आकडा छापलेला असावा आणि फीत लावून पाहता आतली दोरी ६५ इंचही भरू नये, हा प्रकार नवशिक्या तिरंदाजास उघड फसवणुकीचा वाटतो. परंतु तो आकडा दोरीचा नसून, ती ज्या धनुष्यास चढवावयाची त्या धनुष्याचा असतो.

जोवर धनुर्धर जवसाच्या धाग्यांची दोरी आपल्याच हाताने वळीत असे, तोवर तिच्या लांबीची तक्रार कोणाच्या दफ्तरी जाण्याचे कारण नव्हते. अमेरिकेत धनुष्य एका कारखान्यात आणि दोरी दुसऱ्या कारखान्यात होऊ लागली, तेव्हा मात्र उभयपक्षी मान्य असे माप मुकरर करणे भाग पडले. त्यात अडचण अशी की रिकर्व्ह धनुष्याची टोके पुढे वळलेली, तेव्हा त्याची लांबी वळणावरून मोजावी की सरळ रेषेत, याविषयीच एकमत होईना. ‘एएमओ’ या कारखानदारांच्या संघटनेने (हिलाच आज ‘एटीए’ म्हणतात) ही अडचण मोठ्या चातुर्याने उलटी फिरविली: पोलादी तारेची एक प्रमाण-दोरी घ्यावी, ती चढविली असता धनुष्य योग्य ताणास येते असे दिसले, म्हणजे तिच्या लांबीत ३ इंच मिळवावे, आणि येईल ती धनुष्याची लांबी समजावी. धनुष्य दोरीने मोजावयाचे आणि दोरीस नाव धनुष्याचे द्यावयाचे, हा व्यवहार तर्कशास्त्र्यास रुचणार नाही, पण दुकानदारास याहून सोयीचा दुसरा नाही.

पोलाद निवडले ते ताणत नाही म्हणून. डेक्रॉनची दोरी ताणते, यास्तव ती अर्धा-पाऊण इंच आणखी आखूड करण्याचा प्रघात पडला. पुढे आलेले पॉलिइथिलीनचे धागे फारसे ताणत नाहीत, आणि तेथे तोच हिशेब चालविला तर तफावत पडते.

ही तफावत अखेर तिरंदाजच निस्तरतो. तो दोरीचा एक फासा टोकावरून उतरवितो, तिला चार-सहा पीळ देतो, पुन्हा चढवितो आणि काटकोनी पट्टी मुठीच्या खोलगट भागाशी टेकवून दोरीपर्यंतचे अंतर पाहतो. ६८ इंची धनुष्यास ते साधारणपणे पावणेनऊ ते सव्वानऊ इंच असावे. कमी भरले तर दोरी मनगटाजवळ फटकारते, अधिक भरले तर बाणास मिळणारा रेटा घटतो.

कंपाऊंड धनुष्यात, म्हणजे ज्या प्रकारात साताऱ्याच्या अदिती स्वामी हिने २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले त्यात, या वजाबाकीस थाराच नाही. तेथे दोरीची आणि केबलींची प्रत्यक्ष लांबीच धनुष्यावरील चिठ्ठीत नोंदलेली असते, आणि ती पाव इंच जाडीच्या खिळ्यांवर १०० पौंडांचा ताण देऊन मोजावयाची असते. कारण या यंत्रातील केबल किंचित लांबली तरी दोन्ही टोकांच्या चाकांचा मेळ बिघडतो, आणि तो पुन्हा जुळविण्यासाठी धनुष्य शिकंज्यात दाबून धरावे लागते.