शस्त्रक्रियेनंतरची अफूवर्गीय वेदनाशामके आणि तरुण रुग्ण : अमेरिकेतील अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेच्या संदर्भात

प्रस्तावना

रुग्णाची वेदना कमी करणे हे वैद्यकाचे आद्य कर्तव्य मानले जाते. अफूपासून मिळणारी मॉर्फिन व कोडीन, तसेच प्रयोगशाळेत तयार होणारी ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, ट्रामाडॉल इत्यादी औषधे ओपिऑइड किंवा अफूवर्गीय वेदनाशामके म्हणून ओळखली जातात. कर्करोग, मोठ्या शस्त्रक्रिया व गंभीर अपघात यांत त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि १९९० च्या दशकापासून अमेरिकेत ती किरकोळ शस्त्रक्रियांनंतरही सढळपणे दिली जाऊ लागली. तेथील अनेक तरुणांचा या औषधांशी पहिला परिचय अक्कलदाढ काढल्यानंतर होत आला आहे. प्रस्तुत लेखात या अनुभवाच्या आधारे धोक्याचे स्वरूप व त्यावरील उपाय स्पष्ट केले आहेत.

औषधाचे कार्य

शस्त्रक्रियेच्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांमुळे सूज येते व वेदनेची जाणीव तीव्र होते. आयब्युप्रोफेनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. ओपिऑइड औषधे मेंदू व मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींवर कार्य करून वेदनेचा संदेश क्षीण करतात. सुजेचे मूळ कारण मात्र तसेच राहते. दाढ काढल्यानंतरची वेदना प्रामुख्याने सुजेतून उद्भवत असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

ओपिऑइडमुळे मेंदूतील सुखानुभवाशी निगडित असलेल्या डोपामिनचे प्रमाणही वाढते. सततच्या वापराने तोच परिणाम मिळविण्यास अधिक मात्रा लागते आणि अतिमात्रेने श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. संयम व परिणामांचा विचार यांच्याशी संबंधित असा मेंदूचा पुढील भाग साधारणतः पंचविशीपर्यंत विकसित होत असतो. त्यामुळे पौगंडावस्था व तारुण्याचा आरंभ हा काळ विशेष जोखमीचा मानला जातो.

अभ्यास काय दर्शवितात ?

२०१५ साली दंतवैद्यकाकडून ओपिऑइड मिळालेल्या १६ ते २५ वयोगटातील अमेरिकन रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६.९ टक्के रुग्णांनी ९० ते ३६५ दिवसांच्या काळात पुन्हा ओपिऑइडची चिठ्ठी घेतली. तुलनेसाठी निवडलेल्या गटात हे प्रमाण ०.१ टक्के होते. ओपिऑइडच्या गैरवापराशी संबंधित निदानाचे प्रमाण अनुक्रमे ५.८ व ०.४ टक्के आढळले.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावणे आवश्यक आहे. पुन्हा चिठ्ठी घेणे म्हणजे व्यसन नव्हे. तसेच दोन गोष्टींचा संबंध आढळला म्हणून एक दुसरीचे कारण आहे, असे सिद्ध होत नाही. बहुसंख्य तरुण औषध घेतात व विसरून जातात. परंतु शस्त्रक्रिया लक्षावधी असतात, तेव्हा अल्प टक्केवारीही मोठी संख्या बनते.

उरलेल्या गोळ्यांचा प्रश्न

समस्येचे दुसरे अंग औषधाच्या संख्येत आहे. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांच्या २०१६ मधील एका लहान अमेरिकन अभ्यासात प्रत्येकास सरासरी २८ ओपिऑइड गोळ्या मिळाल्या होत्या. तीन आठवड्यांनंतर त्यांपैकी निम्म्याहून अधिक शिल्लक होत्या. मिशिगन राज्यातील प्रौढ रुग्णांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, चिठ्ठीत एक गोळी वाढली की रुग्णाचे सेवन सुमारे अर्ध्या गोळीने वाढते. म्हणजे सेवन केवळ वेदनेवर अवलंबून नसते, ते हाती दिलेल्या गोळ्यांच्या संख्येवरही अवलंबून असते. घरात पडून राहिलेल्या गोळ्या पुढे भावंडांच्या वा मित्रांच्या हाती जाऊ शकतात.

धोरणातील बदल

कोडीनचे शरीरात मॉर्फिनमध्ये रूपांतर होते आणि काही व्यक्तींत ते अतिशय वेगाने होते. टॉन्सिल काढल्यानंतर कोडीन दिलेल्या काही मुलांचा यामुळे मृत्यू झाला. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये कठोर इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालील मुलांना वेदनेसाठी कोडीन व ट्रामाडॉल देणे निषिद्ध ठरविले. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०१८ मध्ये तीव्र वेदनेसाठी सात दिवसांपेक्षा अधिक ओपिऑइड देऊ नये, अशी भूमिका घेतली. दाढेच्या शस्त्रक्रियेनंतर आयब्युप्रोफेन एकटे किंवा पॅरासिटामॉलसह देणे, हा आता प्रथम पर्याय मानला जातो. मूत्रपिंडाचा विकार वा जठरव्रण असल्यास अर्थातच वैद्यकीय सल्ला अनिवार्य ठरतो.

भारतीय संदर्भ

भारतातील चित्र काहीसे उलट आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कठोर तरतुदींमुळे कर्करोगाच्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी सुकर केली. दुसरीकडे, गैरवापर वाढल्यामुळे ट्रामाडॉल २०१८ मध्ये याच कायद्याच्या कक्षेत आणावे लागले. अर्थात, औषधाचा अभाव व त्याचा गैरवापर हे दोन्ही प्रश्न येथे एकाच वेळी उभे आहेत.

निष्कर्ष

वेदना सहन करावयास लावणे हा या प्रश्नावरील उपाय नव्हे. योग्य औषध, आवश्यक तेवढीच मात्रा, मोजके दिवस आणि उरलेल्या गोळ्यांची सुरक्षित विल्हेवाट ही चतुःसूत्री अमेरिकेच्या अनुभवातून हाती येते. धोक्याचे हे वय महाविद्यालयीन वय आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतर वर्गात परतलेल्या विद्यार्थ्याची विचारपूस करताना, तो कोणते औषध घेतो व ते किती दिवस घ्यावयाचे आहे, हेही आपुलकीने विचारले जाणे उपयुक्त ठरेल. अशा विद्यार्थ्याला दोषी ठरविल्यास तो अडचण लपवितो. विश्वास दिल्यास वेळीच वैद्यकाकडे जाऊ शकतो.